सीलबंद शर्यत

नाशिकच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात वृंदा टिल्लूंनी आपल्या बंद पडलेल्या गेम पार्लरमधली, मोटारशर्यतीची झिजलेली कॅसेट मांडली होती. परीक्षक राजोपाध्ये मोठे संग्राहक. तोच गेम त्यांच्याकडे तीस वर्षं सीलबंद होता.

"बाई, हिला हजार हात लागलेत. काही मोल नाही, टेबलावरून काढा. माझ्या कॅसेटवर एक ओरखडा नाही!"

वृंदाताईंच्या मनाला ते लागलं. तरी त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमची चालते का?"

"न उघडता कसं सांगणार? उघडली तर किंमत जाईल!"

"मग साहेब, तुम्ही खोक्याचं मोल सांगताय. खेळाचं सांगायला खेळलेला माणूस लागतो."

राजोपाध्ये खुर्ची ओढून हळूच म्हणाले, "लावा पाहू तुमची."

पहिल्याच वळणावर त्यांची गाडी उलटली.