माशीमारीण आणि चोच न उघडणारं पिल्लू

फार पूर्वी, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेतल्या काटेरी झुडपांच्या रानात माश्या टिपून खाणारी एक इवलीशी पक्षीण, माशीमारीण, राहायची. अंगानं मुठीत मावेल एवढी, पण डोक्यावर काळा ऐटबाज तुरा. तिला पहिलंच पिल्लू झालं आणि तिची झोप उडाली.

पिल्लू लवकर मोठं व्हावं म्हणून ती रानातली सगळ्यात मोठी माशी शोधून आणायची. एके दिवशी पिल्लानं चोच मिटून घेतली ती मिटलीच. उन्हं डोक्यावर आली तरी पोटात काही नाही. एवढंसं पिल्लू उपाशीपोटी रात्र काढू शकत नाही, हे तिला ठाऊक होतं.

ती शेजारी धावली.

"माशी कसली भरवतेस? मध दे," हमिंगबर्ड म्हणाली. "माझी पिल्लं बघ, कशी टुणटुणीत आहेत."

पिल्लानं मध थुंकून टाकला.

"दाणा भिजवून दे गं," चिमणीकाकू म्हणाल्या. "आमच्या वेळी नव्हते असले लाड."

दाणा घशात अडकता अडकता राहिला.

"डोंगरापलीकडे घुबडबाबा आहेत, त्यांना विचार," पोपटआजोबा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत येशील परत."

"आणि तोवर पिल्लू?"

"आई झालीस म्हणजे सगळं येतंच असं थोडंच आहे?"

हे तर ती स्वतःलाच रोज ऐकवायची. निघाली बिचारी. दोन झुडपं ओलांडून मागे पाहते, तर पिल्लाचा चिमुकला तुरा ताठ उभा. ते कशाकडे तरी टक लावून बघत होतं.

घुबडबाबा की पिल्लू? ती माघारी फिरली. पिल्लाशेजारी बसली आणि ते बघत होतं तिकडे बघू लागली.

पानाखाली एक अळी होती. हिरवी, तिळाएवढी.

तिनं ती टिपली. पिल्लानं चोच उघडली. गट्ट. पुन्हा उघडली. मग काय, माशीमारीण पानापानाखाली सूर मारत सुटली. अळी, माव्याचा किडा, पुन्हा अळी. पिल्लू ओरडतंय, तीही ओरडतेय, सगळं झुडूप हलतंय. एवढ्याशा चोचीत आपण केवढाल्या माश्या कोंबत होतो, हे आठवून तिला लाजही वाटली आणि हसूही आलं.

गलका ऐकून चिमणीकाकू आल्या. "खातंय की गं. शेवटी कुणाला विचारलंस?"

"ह्यालाच," ती म्हणाली आणि पुढची अळी आणायला उडाली.

तात्पर्य: सल्ला रानभर मिळतो, पण आधी ज्याची भूक आहे त्याच्याकडे बघावं.