मोकळ्या जागेच्या गाठी

एका गावात एक कोठावळे होते, सटवाजी नावाचे. अख्ख्या गावाचं धान्य त्यांच्या हवाली. गावच्या कोठारात मातीच्या उंच उंच कोठ्या रांगेनं उभ्या होत्या. धान्य वरून ओतायचं, वरचं झाकण शेणामातीनं लिंपून टाकायचं आणि लागेल तसं खालच्या भोकातून काढून घ्यायचं. भिंती चांगल्या हातभर जाड. आत किती भरलंय, किती रितं आहे, बाहेरून कुणाच्या बापाला कळायचं नाही.

म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. प्रत्येक कोठीला एक दोरी टांगलेली. कोठीत जितक्या पोत्यांची जागा मोकळी, तितक्या त्या दोरीला गाठी. पोतं ओतलं की एक गाठ सोडायची, पोतं काढलं की एक गाठ मारायची, आणि हे काम उद्यावर टाकायचं नाही. कुणी धान्य घेऊन आलं की सटवाजी दोऱ्यांवरून नुसता अंगठा फिरवत आणि सांगत, "त्या कोपऱ्यातल्या कोठीत ओत, पाच पोत्यांना जागा आहे." कधी चुकले म्हणून नाहीत.

माणूस कामाला चोख, पण एक खोड होती. कौतुकाचा भारी हावरा. कुणी "वा, सटवाजी" म्हटलं की स्वारी दिवसभर हवेत. आणि दुःख काय, तर कोठारात येणारा-जाणारा नेमका गाठीच बघायचा. "इतक्या गाठी? म्हणजे कोठार रिकामंच की," म्हणायचा आणि पुढे जायचा. आत भरलेल्या धान्याबद्दल चकार शब्द नाही. सटवाजींना हे फार लागायचं.

माघ महिन्यात गावात दवंडी पिटली. सुभेदार गावोगावची कोठारं बघत फिरताहेत. ज्याचं कोठार गच्च भरलेलं, त्याला भर चावडीवर मानाचं पागोटं. झालं, सटवाजींची झोप उडाली. सुभेदार यायचे त्या दिवशी सकाळी ते कोठारात शिरले आणि एकेका दोरीच्या सगळ्या गाठी सोडत सुटले. बायको न्याहारीला बोलवायला आली होती, ती दारातच थबकली.

"दोरी उकलली म्हणून कोठी भरते होय?" तिनं विचारलं.

"तुला त्यातलं काही कळत नाही," सटवाजी म्हणाले. खरं तर तिला सगळंच कळलं होतं.

सुभेदारही त्याच मुलखातले, दोऱ्यांची रीत त्यांना ठाऊक. एकाही दोरीला गाठ नाही हे बघून ते खूश झाले. झाकणं लिंपलेली, ती कोण उकरून बघतो? चावडीवर हलगी वाजली आणि सटवाजींच्या डोक्यावर लाल पागोटं चढलं. सटवाजी इतके ताठ उभे राहिले की मान अवघडली.

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि नदीपलीकडून बैलगाड्यांची रांग चावडीपुढे येऊन थांबली. पुढच्या गाडीवर सटवाजींचे व्याही लिंबाजीराव होते आणि मागे त्यांची सून, म्हणजे सटवाजींचीच लेक गोजरा. त्यांच्या गावच्या कोठाराची भिंत खचली होती. साऱ्या गावाचं बियाणं उघड्यावर आलं होतं, ते गाड्यांत भरून ही माणसं धावत आली होती.

"व्याहीबुवा, हे भिजलं तर पेरायला आमच्याकडे दाणा उरणार नाही," लिंबाजीराव म्हणाले. "तुमच्याकडे जागा आहे का?"

उत्तर सुभेदारांनीच दिलं. "अहो, इथं बोट ठेवायला जागा नाही. आत्ताच बघून आलो. पुढच्या गावी जा."

पुढचं गाव घाटाच्या वर. तिथं पोचायच्या आत पाऊस गाठणार, हे सगळ्यांना दिसत होतं. लिंबाजीरावांनी बैल वळवले. गोजरा बापाकडे बघत राहिली.

सटवाजींनी बोलावं तर भर गावात अब्रू जाणार आणि कोठावळेपणही जाणार. न बोलावं तर लेकीचं गाव उपाशी मरणार. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. पण गाडीची चाकं फिरली तसं त्यांना राहवेना. पागोटं काढून त्यांनी सुभेदारांच्या पायाशी ठेवलं.

"सरकार, कोठारात जागा आहे. गाठी मी माझ्या हातानं सोडल्या. आधी त्या गाड्या थांबवा."

सुभेदारांच्या कपाळावर आठी चढली. "तुमच्याकडे मागाहून बघतो," ते म्हणाले. "आता सांगा, कुठल्या कोठीत किती जागा आहे?"

ते सटवाजींनाही ठाऊक नव्हतं. लक्षात ठेवायचं काम आजवर गाठीच करत होत्या.

मग जी धांदल उडाली, ती काय सांगावी. लोकांनी कोठ्या थापटून पाहिल्या, तर सगळ्यांचा आवाज सारखाच, धप्प. शेवटी शिड्या लावल्या आणि एकेक झाकण फोडायला घेतलं. पहिली कोठी काठोकाठ भरलेली निघाली. लिंपा परत. दुसरीत दोन पोती मावली, पण उत्साहाच्या भरात वरच्यांनी तिसरंही उपडं केलं आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या सुभेदारांच्या डोक्यावर हरभऱ्याचा धबधबा कोसळला. मिश्यांतले दाणे झटकत सुभेदार म्हणाले, "ही भरली वाटतं." सारा गाव खो खो हसला. सटवाजीही हसले, डोळे पुशीत.

एका अंगठ्याचं काम, त्याला अख्खा गाव राबला. पाऊस आलाच, तेव्हा शेवटच्या गाडीवर सुभेदारांचा तंबू पांघरला. बियाणं वाचलं. थोडा हरभरा भिजला, त्याची दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांनी मिळून झणझणीत उसळ खाल्ली.

जेवणं झाल्यावर सटवाजींनी कोठाराच्या किल्ल्या सुभेदारांपुढे ठेवल्या. सुभेदारांनी त्या परत सरकवल्या.

"पागोटं मी घेऊन जातो, किल्ल्या तुमच्याकडे राहू द्या," ते म्हणाले. "कोठार गच्च भरलंय म्हणणारे मला गावोगाव भेटले. जागा आहे म्हणणारे तुम्ही पहिलेच." मग जरा थांबून ते स्वतःशीच पुटपुटले, "आता ती सगळी कोठारं पुन्हा बघायला हवीत."

तात्पर्य: भरलेलं मिरवणं कुणालाही जमतं, मोकळं किती आहे ते जो वेळच्या वेळी आणि खरं सांगतो, तोच अडलेल्याच्या उपयोगी पडतो.