पाठशाळेची पत्रिका

“दिवेलागणीच्या आत सांग, पोरी! हो की नाही?”

राजा भूपालसेन सिंहासनावरून गरजला आणि भर दरबारातल्या साऱ्या नजरा येसूकडे वळल्या. येसू म्हणजे बाळाप्पा कासाराची मुलगी. गावच्या पंतोजींकडे होतं नव्हतं तेवढं सगळं शिकून झाल्यावर तिने पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी परीक्षा दिली होती. एक राजाच्या नव्याकोऱ्या पाठशाळेची आणि दुसरी घाटापलीकडच्या आचार्य सुश्रवांच्या वैद्यशाळेची. राजाचा होकार आला होता. आचार्यांचा निरोप मात्र अजून यायचा होता. आचार्य आधी विचार करत, मग झोप काढत आणि उठून पुन्हा पहिल्यापासून विचार करत!

येसूचा जीव अडकला होता तो वैद्यशाळेत. बाळाप्पाला अलीकडे बांगड्यांचे रंग कळेनासे झाले होते. हिरवा चुडा मागितला की तो निळा भरून मोकळा होई आणि वर बायकांची बोलणी खाई. डोळ्यांवरचा पडदा काढायची विद्या त्या अख्ख्या मुलखात फक्त आचार्यांकडे होती. पण आचार्यांनीच नाही म्हटलं तर? तोवर राजाचीही जागा गेली, तर शिक्षण कायमचंच संपलं!

“महाराज, थोडी सवड दिलीत तर...”

“एक घटकाही नाही! माझ्या पाठशाळेला आजवर कुणी ताटकळत ठेवलेलं नाही!”

हे मात्र खरं होतं. पाठशाळा गेल्याच महिन्यात उघडली होती.

“हो म्हणालीस तर दुसरीकडे पाऊल टाकायचं नाही. नाही म्हणालीस तर ही पायरी पुन्हा चढायची नाही. एकाला झुलवत ठेवायचं आणि दुसऱ्याची वाट पाहायची, ही काय रीत झाली?”

तेवढ्यात पाहुण्यांच्या बैठकीवर कुणाला तरी ठसका लागला. ते होते सोनखडीचे कारभारी. सोनखडी म्हणजे शेजारचं चिमुकलं राज्य. तिथल्या राजकन्येचं स्थळ युवराजांसाठी घेऊन ते दसऱ्यापासून इथे मुक्काम ठोकून होते. उत्तर विचारलं की राजा म्हणे, “पत्रिका पाहतोय!” आणि लाडवांचं ताट पुढे करी. कारभारी लाडू खाऊन चांगले गुटगुटीत झाले होते.

खरी गोम येसूला ठाऊक होती. बाबांना दिसत नाही म्हणून बांगड्यांची पेटी घेऊन तीच त्यांच्याबरोबर राणीवशात जायची. परवाच राणीसाहेब म्हणाल्या होत्या, “लग्नाच्या बांगड्या इतक्यात नकोत, बाळाप्पा. महाकूटच्या मोठ्या दरबारात आम्ही शब्द टाकलाय. तिथलं जमलं तर विहीणबाईंपुढे भारीतल्या लागतील. नाहीच जमलं, तर सोनखडी आहेच!”

येसूने एकदा कारभाऱ्यांकडे पाहिलं, एकदा राजाकडे. मग पदर सावरून ती पुढे झाली.

“महाराज, माझा होकारच समजा! फक्त पत्रिका तेवढी पाहून घेऊ.”

“पत्रिका? कुणाची?”

“माझी आणि पाठशाळेची! आईबापांचं घर सोडून परक्या घरी नांदायला जायचं, तेही वर्षानुवर्षं. पत्रिका न पाहता कसं चालेल? माझी घरी पेटीत आहे. पाठशाळेची पायाभरणी कधी झाली, ते शास्त्रीबुवांना ठाऊक आहेच.”

दरबारात खसखस पिकली. राजाच्या मिशाही हलल्या.

“एवढंच ना? शास्त्रीबुवा, मांडा कुंडली! दिवेलागणीला अजून अवकाश आहे.”

राजज्योतिषी विश्वंभरशास्त्री उत्साहाने उठले. “आत्ता पाहतो, महाराज! हे काय, चुटकीसरशी...”

“अगंबाई!” येसूने डोळे मोठे केले. “पत्रिका चुटकीसरशी पाहून होते?”

कारभाऱ्यांनी हातातला लाडू खाली ठेवला. दसऱ्यापासून पहिल्यांदाच!

“काय म्हणालात, शास्त्रीबुवा? किती वेळ लागतो?”

शास्त्रीबुवांनी राजाकडे पाहिलं, राजाने छताकडे. पत्रिका संध्याकाळपर्यंत जुळते म्हणावं, तर सोनखडीला इतके दिवस थापा मारल्या हे उघड होणार!

“शास्त्रीबुवांची जीभ घसरली!” राजा खाकरत म्हणाला. “पत्रिका पाहणं म्हणजे काय खायचं काम आहे? ग्रहांना घाई चालत नाही. वेळ लागणारच!”

“किती, महाराज?”

“लागेल तितका!”

“जशी आज्ञा!” येसू वाकली. “युवराजांचं ठरेल त्याच दिवशी माझंही सांगते.”

मग दिवस जात राहिले. कारभारी लाडू खात राहिले आणि येसू रोज घाटाच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागली.

एके सकाळी महाकूटचा स्वार आला आणि राजाच्या कानाशी लागला. “आमच्या महाराजांना स्थळ फार आवडलं. पण काय करणार? पत्रिका जुळत नाही!”

राजाचा चेहरा खर्रकन उतरला. पण तो राजाच! गर्रकन वळून त्याने कारभाऱ्यांना मिठी मारली. “अभिनंदन! सोनखडीची पत्रिका जुळली! छत्तीसच्या छत्तीस गुण!”

मग आठवण झाली येसूची. ती आली ती धापा टाकत आणि बाबांचा हात धरून. आदल्याच संध्याकाळी आचार्यांचा शिष्य दारात येऊन सांगून गेला होता, “तुझी जागा पक्की. आणि येताना वडिलांनाही घेऊन ये.” आनंदाने तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“युवराजांचं ठरलं!” राजाने फर्मावलं. “आता तुझं बोल! माझी पाठशाळा, हो की नाही?”

येसूने हात जोडले. “काय सांगू, महाराज! स्थळ रूपाने देखणं, गुणाने उजवं, घराणं तर केवढं थोर! पण आमचंच नशीब आडवं आलं. पत्रिका जुळत नाही!”

एकाच दिवशी तोच नकार दोनदा! राजाने डोळे वटारले, ओठ दाबून धरले आणि अखेर त्याला हसू आवरेना. पोट धरधरून हसला!

“पोरी,” तो खाली वाकून कुजबुजला, “महाकूटच्या राजानेही आज मला हेच ऐकवलं. पण त्याला इतकं गोड बोलणं जमलं नाही! ” मग तो मोठ्याने म्हणाला, “अरे, माझा मेणा आणा! या बापलेकीला थेट वैद्यशाळेच्या दारात सोडा. शिक्षणाचा सारा भार माझ्यावर! आणि बाळाप्पा, युवराजांच्या लग्नाच्या बांगड्या तूच भरायच्या. डोळे बरे झाल्यावर, रंग पाहून!”

“अहो पण महाराज,” कारभारी घाबरून उठले, “तोवर लग्नाच्या मुहूर्ताचं काय?”

“मुहूर्त ना?” राजा हसू दाबत म्हणाला आणि लाडवांचं ताट त्याने पुढे सरकवलं. “शास्त्रीबुवा पाहताहेत!”