माळ नाही म्हणाला तेव्हा
एका राज्यात प्रत्येक काम थाटामाटाने होत असे, आणि म्हणूनच बहुधा चुकत असे. त्या राज्याच्या पूर्वेस एक विस्तीर्ण माळ होता. डोंगरवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या तो राखीत. माळावर पाऊल टाकण्यापूर्वी ते शिवेच्या दगडापाशी मातीच्या वाडग्यात पाणी ठेवीत, माळाला विचारीत आणि बसून राहत. तेथील टिटवी ते पाणी प्याली तर आत जात. तिने वाडगा उलथला तर मुकाट्याने घरी परतत. चैत्रापासून पाऊस येईपर्यंत ती कधीच पीत नसे, कारण तेव्हा तिची अंडी उघड्या जमिनीवर असत.

एका चैत्रात राजा धारवर्म्याच्या सेनापतीने हा माळ घोडदळाच्या सरावासाठी घेतला. माळ रिकामाच आहे, असे त्याने दरबारात सांगितले. अग्रभागी युवराज रणधीर होता. त्याच्या घोड्याच्या टापांखाली अंडी फुटली. टिटवी म्हणाली, "ज्यांनी विचारले नाही, ते पाय येथेच राहतील." घोडा पुढे निघून गेला, युवराज खाली कोसळला, उठला, आणि घोट्यापर्यंत दगड होऊन तेथेच उभा राहिला.

राजा धावत आला. टिटवीने त्याला एवढेच सांगितले, की माळाला विचार. मात्र खोटे विचारशील तर दगड वर चढेल.

राजाने प्रथम भाट पाठविला. भाटाने अलंकारिक भाषेत अनुमती मागितली. त्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच सेनापतीने मागून घोडदळ सोडले, कारण मुहूर्त टळत होता. दगड गुडघ्यांपर्यंत आला.

मग राजमांत्रिक वज्रदंत सोन्याचा वाडगा घेऊन गेला, आणि सोबत पिंजऱ्यातली, पाणी प्यायला शिकवलेली टिटवी. ती आज्ञाधारकपणे प्याली. मांत्रिकाने शंख फुंकला. दगड कमरेपर्यंत आला.

तिसऱ्या वेळी राजाने माळाची राखणदारीण सोमली हिला दरबारात बोलावले, शालजोडी दिली, उच्चासन दिले आणि तिचे मत अमूल्य असल्याचे तीनदा सांगितले. तिचे मत मात्र कोणी विचारले नाही. त्याच वेळी माळावर तंबूंच्या मेखा ठोकल्या जात होत्या. दगड छातीला भिडला.

सोमलीने शालजोडी घडी करून आसनावर ठेवली.

"राजा, तुझे खेळ संपले असतील तर माझ्यासोबत चल. पोराला अजून श्वास घेता येतो आहे."

वाटेत राजाने विचारले, "आणि टिटवी नाही म्हणाली तर?"

"तर घरी जायचे."

"माझा मुलगा?"

"ते मला ठाऊक नाही." सोमलीचा आवाज थकलेला होता. "राजा, आजवर तू विचारलेसच कधी? तू नुसते कळवीत आलास."

राजाने जोडे काढले. मातीच्या वाडग्यात स्वतः पाणी भरले, साध्या शब्दांत विचारले आणि उन्हात बसला. पुष्कळ वेळाने टिटवी आली. तिने पाण्याकडे पाहिले, राजाकडे पाहिले आणि वाडगा उलथला.

सेनापती पुढे झाला. त्याच्या मते पक्षी एक होता आणि धनुर्धर सहस्र.

राजाने मुलाकडे पाहिले. दगड अजून छातीशी होता. युवराजाने डोळे मिटले.

"मेखा उपटा," राजा म्हणाला. "सैन्य मागे फिरवा."

आणि तो पाठ फिरवून चालू लागला. तो थांबला नाही, कारण थांबणे हाही एक आग्रहच झाला असता.

मागे खडक तडकल्याचा आवाज झाला. मग पावले ऐकू आली: अतिशय सावकाश, कारण युवराज प्रत्येक पावलाआधी जमीन न्याहाळत होता.

तेव्हापासून चैत्र ते पावसाळा माळ टिटवीचा, आणि दसऱ्यापासून, विचारून, सैन्याचा, असा नेम झाला. पुढच्याच दसऱ्याला युवराजाने वाडगा ठेवला. सारे दळ मागे सज्ज होते. टिटवीने वाडगा उलथला.

सेनापतीने संतापून कारण विचारले.

"कारण सांगायला ती बांधलेली नाही," सोमली म्हणाली.

युवराजाने घोड्याचे तोंड वळवले. त्या वर्षी सैन्याने नदीच्या वाळूत सराव केला, वाळू चावत आणि कुरकुरत. राज्य बुडाले नाही.