गेनूच्या चुळा

भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात. आंबेखोरीत तो मान गेनूकडे होता. दोर वळण्यात पटाईत. बाकी सांगाल तेवढंच करायचा. त्याच्या दातांवर किटणाचा असा थर साचला होता, की तो हसला की हळकुंडं दिसायची. शेवटी बायको हौसा वैतागली.

"दात साफ झाले की न्यायला या," म्हणाली आणि माहेरी निघून गेली.

गेनूला धड चूल पेटवता येत नव्हती आणि हौसाशिवाय करमतही नव्हतं. तो वैद्यबुवांकडे धावला. बुवांनी कडुलिंबाचा पाला, बाभळीची साल आणि लवंग उकळून लोटाभर काढा दिला.

"रोज दात घासले, की हा तोंडात घे."

गेनूने घेतला. सगळा. तोंडातून तो पोटात गेला, आणि गेनू पोट धरून बुवांच्या दारात आला.

"प्यायलास? अरे शहाण्या, पाल्याचं पाणी गिळायचं नसतं! खळखळ फिरवायचं आणि लांब थुंकायचं."

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. रोज घासून चुळा भरल्या, तसं किटण हळूहळू सुटलं. दात दिसू लागले. गेनू नवं धोतर नेसून सासुरवाडीला निघाला. वाटेत रामाचं देऊळ लागलं. पुजाऱ्याने पळीभर तीर्थ दिलं. त्यात तुळशीचं पान होतं. पाल्याचं पाणी! गेनूने खळखळ फिरवलं आणि लांब थुंकला. लांब पुजारीच उभा होता.

"अरे मेल्या, माझं सोवळं! पळीने दिलेलं तळहातावर घ्यावं, प्यावं आणि ओला हात डोक्यावरून फिरवावा!"

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

सासुरवाडीला हौसा दारातच उभी होती.

"हसा बघू."

गेनू हसला. हौसाही हसली आणि गाठोडं बांधायला आत पळाली. गेनू जेवायला बसला. सासूबाई कढी घेऊन आल्या. हातात पळी! गेनूने तळहात पुढे केला, कढी प्यायली आणि हात डोक्यावरून फिरवला. कढीपत्त्याचं पान शेंडीला चिकटलं.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो जावईबापू, पाहुण्यानं कसं वागावं? कुणी काही देऊ केलं, की आधी 'नको नको, पोट भरलं' म्हणावं. फारच आग्रह झाला, तर 'अर्धीच द्या' म्हणावं. पोळी असो, भाकरी असो."

"चुकलंच माझं. आता ध्यानात ठेवतो."

जेवणं झाली. सासूबाईंनी लेकीची ओटी भरली. सासरे हौसाचा हात धरून ओसरीवर आले. सगळी आळी बघायला जमली होती.

"जावईबापू, दात लख्ख केलेत, आमचा जीव भांड्यात पडला. न्या आता आमच्या हौसाला."

गेनू सावरून बसला. या वेळी चुकायचं नव्हतं.

"नको नको. पोट भरलं."

हौसाच्या हातातलं गाठोडं सुटलं. सासऱ्यांनी पागोटं काढून हात जोडले.

"अहो, असं काय करता? लेकीचं काही चुकलं असेल तर पोटात घाला, पण न्या हो तिला!"

केवढा हा आग्रह! गेनूला भरून आलं. सगळ्यांना दिसावेत असे स्वच्छ दात दाखवत तो अदबीने म्हणाला,

"बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात, तर अर्धीच द्या."