रुमालाने धरलेली जागा

विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातली अभ्यासिका रोज उजाडता उजाडता भरायची आणि तरीही दुपारपर्यंत रिकामी असायची. खुर्चीखुर्चीवर वह्या, बाटल्या, स्वेटर, रुमाल मांडलेले असत. त्यांचे मालक जागा धरून पुन्हा झोपायला गेलेले असत. टंचाईवर पानेच्या पाने लिहिणारी ही मुले टंचाई निर्माणही स्वतःच करत, आणि तीही फुकटात.

सारजा लोणारेच्या खोलीत सहाजणी राहायच्या, त्यामुळे तिला अभ्यासिकेवाचून गत्यंतर नव्हते. परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिने एक रुमाल उचलून बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसली. झाले! रुमालवाल्याने तक्रार केली, आणि ‘दुसऱ्याची जागा बळकावली’ म्हणून सारजाचे हॉल तिकीट अडकले.

प्रकरण थेट कुलगुरू डॉ. हुद्देदारांपुढे गेले. साहेब मूळचे याच विभागाचे प्रमुख. ज्ञान अफाट आणि हट्ट त्याहून मोठा. शिक्षा करण्यापेक्षा कोडे घालण्यात त्यांना जास्त मजा वाटे.

“तू अर्थशास्त्राची ना?” त्यांनी विचारले. “मग उत्तर काढ. सोमवारी सकाळी वाचायला आलेल्या प्रत्येकाला बसायला जागा मिळाली पाहिजे. नवी खुर्ची मिळणार नाही. दंड नाही, पहारेकरी नाही. जमलं तर हॉल तिकीट घेऊन जा. नाही जमलं तर परीक्षा पुढच्या वर्षी.”

वर्ष वाया गेले तर घरचे परत पाठवणार नाहीत, हे सारजाला पक्के ठाऊक होते. पण तिचे वडील लग्नांना मंडप आणि खुर्च्या पुरवत. पंगतीत जागा धरणारी माणसे ती लहानपणापासून बघत आली होती.

“सर, मला फक्त एक नोटीस लावायचीय. तुमच्या सहीची.”

तिने कागदावर लिहिले, ‘अभ्यासिकेत जागा धरण्यासाठी ठेवलेली वस्तू, मालक परत येईपर्यंत कोणीही वापरावी.’

कुलगुरूंनी ते वाचले आणि त्यांच्यातला प्राध्यापक जागा झाला. “अभ्यासिकेतच का? सिद्धांत कसा सगळीकडे लागू पडला पाहिजे,” असे म्हणत त्यांनी ‘अभ्यासिकेत’ खोडले, वर ‘संपूर्ण विभागात’ असे लिहिले आणि खाली झोकदार सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी गंमत सुरू झाली. रूममेटलाही न दाखवलेल्या नोट्स ज्याने खुर्चीवर ठेवल्या होत्या, तो डुलकी काढून आला तर अख्खा वर्ग त्या उतरवून घेत होता. एकाचा स्वेटर अंगात घालून कुणी कँटीनला निघून गेले होते. आणि तक्रार करणाऱ्याच्या त्या रुमालाने खिडक्यांच्या काचा चांगल्या लख्ख निघाल्या.

त्यानंतर खुर्च्यांवर वस्तू दिसेनाशा झाल्या, माणसे दिसू लागली. सारजा सुखावली खरी, पण तिचे सुख टिकले नाही. जागा मिळते आहे हे कळल्यावर आजवर फिरकली नव्हती ती मुलेही येऊ लागली. रविवारी दुपारी भिंतीला टेकून कितीतरी जण उभे होते. मागणी वाढते ती अशी, हे तिला पुस्तकातून इतके छान कधी समजले नव्हते. तिला रडूच यायचे बाकी होते.

ती सुन्न होऊन व्हरांड्यात आली. समोरच जुनी विभागप्रमुखांची केबिन होती. हुद्देदार कुलगुरू होऊन गेले, तरी दारावर पाटी त्यांचीच होती. मुदत संपली की परत इथेच यायचे म्हणून त्यांनी ती तशीच कुलूपबंद ठेवली होती. सध्याच्या प्रमुख बाई जिन्याखाली बसत. सारजाने काचेतून आत पाहिले. लांबलचक टेबल, सोफा, खुर्च्यांची रांग, आणि मोठ्या खुर्चीच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल.

सारजा तशीच शिपाई भिकामामांना शोधायला धावली.

सोमवारी सकाळी कुलगुरू आले. अभ्यासिका गच्च भरलेली होती, पण उभे असलेले कोणीच नव्हते.

“बाकीचे कुठं गेले? हाकलून दिलेस?”

“नाही सर. बसलेत. या ना.”

केबिनचे दार सताड उघडे होते. टेबलाभोवती, सोफ्यावर, जिकडे तिकडे मुले वाचत बसली होती. मोठ्या खुर्चीत एक मुलगी नुकतीच वडापाव खाऊन टॉवेलला हात पुसत होती.

“भिका! किल्ली कुणाला विचारून दिलीस?”

“नोटिशीवर सही तुमचीच हाय की साहेब,” भिकामामा म्हणाले. “संपूर्ण विभागात, असं तुमच्याच अक्षरात लिवलंय.”

“पण ही जागा माझी आहे! मी परत येणार आहे!”

“रुमाल ठेवणारे सगळे हेच म्हणतात, सर,” सारजा म्हणाली. मग तिने त्या मुलीला उठवले आणि खुर्ची झटकून पुढे केली. “मालक आले, आता खुर्ची तुमची. बसा. फक्त परीक्षा संपेपर्यंत उठू नका.”

हुद्देदार रागारागाने बसले खरे. मुले माना खाली घालून वाचत राहिली. मग सारजाने हळूच विचारले, “सर, तोवर तिकडे कुलगुरूंच्या खुर्चीवर काय ठेवून आलात?”

साहेब उत्तर द्यायला गेले आणि थबकले. टॉवेलाकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि एकदम इतक्या जोरात हसू लागले की शेजारच्या अभ्यासिकेतून “शूऽऽ” ऐकू आले.

“तिकडेही टॉवेलच आहे गं!” ते डोळे पुसत म्हणाले.

हॉल तिकीट त्यांनी तिथेच मागवून तिच्या हातात दिले. अर्धी केबिन प्रमुख बाईंना आणि अर्धी अभ्यासिकेला, असा हुकूमही सुटला. मग साहेब लगबगीने मुख्य इमारतीकडे निघाले, आणि जाताना खुर्चीवरचा टॉवेल आठवणीने बरोबर घेऊन गेले.