चटका न लागणारे हात

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात एक कौलारू चर्च होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन होई; येशूच्या आठवणीत एकच भाकर मोडून सगळे तिचा तुकडा खात. त्यासाठी लागणारी गव्हाची जाड भाकर एकच बाई भाजायची. सगळे तिला मावशी म्हणत.

मावशी बारा वर्षांपूर्वी लांबून, एकटीच या गावात आली होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटे आत वळलेली होती. त्यांवर ती नेहमी पांढरे फडके बांधून ठेवी. कोणी विचारलेच तर म्हणे, "लहानपणी चुलीत हात पडला."

हे खरे नव्हते. तरुणपणी तिला महारोग झाला होता. घरच्यांनी आधी तिला गोठ्यात ठेवले, मग गोठ्यातूनही काढले. डोंगरापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात ती पाच वर्षे राहिली आणि पूर्ण बरी झाली. तिथेच ती प्रभूची झाली. बोटे मात्र वळली ती वळलीच, आणि त्या हाताला थंड-गरम कळेनासे झाले. म्हणून तवा तापला का हे ती कधी हाताने बघत नसे. पाण्याचे चार थेंब शिंपडी आणि चर्र आवाज ऐके. रोज अंघोळ झाली की दार लावून हात-पाय तपासे, नकळत कुठे भाजले-कापले तर नाही ना.

गावाला हे कळले तर तिच्या हातची भाकर कोण खाईल? आणि त्या भाकरीशिवाय गावात तिचे असे दुसरे काहीच नव्हते.

एका वर्षी कापणीच्या सणाला चर्चच्या आवारात सगळ्यांचा स्वयंपाक होता. चुलीवरून वरणाचे पातेले उतरवायला फडकी सापडेनात. तेव्हा कुंभाराची नवी सून पुढे झाली आणि तिने उकळते पातेले नुसत्या हातांनी उचलून खाली ठेवले.

"अगं बाई! चटका नाही लागला?" बायकांनी विचारले.

"मला लागतच नाही," सून लाजत म्हणाली.

"याला म्हणतात धीर!" सासू कौतुकाने म्हणाली. "आव्यातली तापलेली मडकीसुद्धा अशीच काढते. तुमच्या सुनांना पाठवा जरा शिकायला!"

मावशी तिथेच पिठाची परात घेऊन बसली होती. तिने सुनेच्या कोपराजवळचा फिकट डाग पाहिला. उजव्या तळहातावर फोड आला होता तोही पाहिला. फोड आला होता, आणि सुनेला पत्ता नव्हता.

एकच वाक्य बोलायचे होते. पण त्या वाक्यानंतर कोणीतरी विचारले असते, 'मावशी, तुम्हाला कसं माहीत?'

"मावशी, तुम्ही का गप्प?" सासूने विचारले. "बघितलंत ना?"

"बघितलं," मावशी म्हणाली. "गुणाची आहे हो पोरगी." आणि ती पीठ मळू लागली.

पुढच्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेशात धीराचा दाखला म्हणून सुनेचे नाव घेतले. मग गावात लग्न असो की बारसे, गरम भांडे उतरवायला तिलाच हाक जाई, आणि तीही कौतुकाच्या आशेने धावत येई. मावशी दर रविवारी ठरवी, आज सांगायचे. पण प्रार्थनेला मान खाली घातली की हातावरचे फडके दिसे. ती त्याची गाठ आणखी घट्ट करी.

सहा महिन्यांनी सुनेच्या हाताची जखम चिघळली आणि उजव्या हाताची दोन बोटे आत वळली. मग मात्र तिला महारोग झाल्याचे सगळ्यांना कळले. ज्या सासूने कौतुक केले होते, तिनेच सुनेला गोवऱ्या ठेवायच्या झोपडीत राहायला लावले. "प्रभुभोजनाला येऊ नकोस," असे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी बजावले. कोणी म्हणाले, पापाची शिक्षा आहे.

पहिल्या रविवारी मावशी भाकर घेऊन चर्चकडे निघाली. वाटेत त्या झोपडीतून हाक आली.

"मावशी, माझ्या वाटचा तुकडा आणाल का? लांबून टाकलात तरी चालेल."

मावशीचे पाय थांबले. गोठ्यात असताना तीसुद्धा असेच म्हणायची, लांबून टाका, चालेल.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली, तशी मावशी उभी राहिली.

"थांबा, पाळकसाहेब. मोडू नका. आधी ती कोणत्या हातांनी केली ते बघा."

तिने फडके सोडले.

"हा हात चुलीत पडला नव्हता. मला महारोग झाला होता. औषधाने मी बरी झाले. कुंभाराच्या सुनेचा फोड मी सणाच्या दिवशीच पाहिला. तेव्हाच बोलले असते तर तिची बोटं वाचली असती. ही भाकर माझ्या हातून जाईल म्हणून मी गप्प बसले. आता या भाकरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

पुढच्या रांगेतले दोघे मागे सरकले. सासूने तोंडावर पदर घेतला.

मग एक बोळकी आजी म्हणाली, "बारा वर्षं हिच्या हातचं खातेय मी. दात पडले ते वयाने पडले. मोडा लवकर!"

कोणी हसले नाही, पण कोणी उठूनही गेले नाही. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा मावशीकडे दिला. "तिला नेऊन द्या. मीही येतो. माझंही चुकलंय."

झोपडीत मावशी सुनेला अगदी लागून बसली. सुनेने तिचा उघडा हात पाहिला.

"तुम्हाला कधी कळलं होतं?"

"सणाच्या दिवशी."

"मग?"

"मला लाज वाटली," मावशी म्हणाली.

सुनेने तुकडा घेतला. तोंड भिंतीकडे करून तिने तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने दोघी डोंगरापलीकडच्या दवाखान्यात गेल्या. मावशी वर्षभर तिच्यापाशी राहिली. पाणी कसे शिंपडायचे, पाय कसे तपासायचे, सगळे तिने शिकवले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" एकदा सुनेने विचारले.

"कुणी नाही. भाजत भाजत शिकले."

"मग बरं झालं भाजलात," सून म्हणाली, आणि वर्षात पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसली.

'प्रभू, हे मलाच का दिलंस?' असे मावशी रोज विचारायची. त्या दिवशी तिने विचारले नाही.

सून बरी झाली आणि दोघी गावात परतल्या. आता प्रभुभोजनाची भाकर दोघी मिळून करतात. मावशीचा उजवा हात आणि सुनेचा डावा हात पीठ मळतात. पांढरे फडके तवा उतरवायला घेतात. तरी मळता मळता सुनेची वळलेली बोटे समोर आली की मावशीची मान आजही खाली जाते. सून ते बघते, आणि म्हणते, "मावशी, पाणी शिंपडा. तवा तापला असेल."

तात्पर्य: ज्या दुःखातून प्रभूने आपल्याला बाहेर काढले, ते दुसऱ्या कोणाला तरी वाट दाखवण्यासाठी आपल्याजवळ ठेवलेले असते. लाजेपोटी आपण ते झाकले, तर चटका त्या दुसऱ्याला बसतो.